आमच्या वॉर्डात कोव्हिड नव्हता

मला कोव्हिड झाला तेव्हा मी कोव्हिड वॉर्डात ड्यूटीला नव्हतेच. मी होते मेल मेडिकलमध्ये. साखर वाढलेले, लिव्हर सुजलेले, अर्धांगाचे, न उतरणाऱ्या तापाचे, असे सगळ्या तऱ्हेचे पुरुष पेशंट जिथे येतात तिथे. २०२०चा एप्रिल संपत आला होता. इमारतीच्या पलीकडच्या टोकाला एक मजला रिकामा करून तिथे कोव्हिड वॉर्ड केला होता, जिन्याच्या तोंडाशी प्लायवूडची भिंत ठोकली होती, आणि सगळं हॉस्पिटल मनातल्या मनात दोन भागांत वाटलं गेलं होतं: ते तिकडचे, आपण इकडचे. तिकडे जाणाऱ्यांना पीपीई, एन-९५, राहायला हॉटेल, न्यायला-आणायला बस. इकडे आम्हाला तीनपदरी सर्जिकल मास्क, ड्यूटीला एक, तोही रजिस्टरवर सही करून.

मी स्टाफ नर्स आहे, मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात. नाव लिहीत नाही. त्या महिन्यांत थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी हेच चाललं होतं, आणि मला जे सांगायचंय त्याला नावाची गरजही नाही.

मार्चपासूनचा क्रम सगळ्यांना पाठ आहे. ९ मार्चला पुण्यात दुबईहून आलेलं जोडपं पॉझिटिव्ह आलं, दोन दिवसांनी मुंबईत पहिले पेशंट, मग कस्तुरबा हॉस्पिटलातला पहिला मृत्यू, २२ मार्चला संध्याकाळी पाचला थाळ्या. मी तेव्हा दुपारच्या पाळीला होते. खालून आवाज आला, वॉर्डातले दोन-तीन पेशंट खिडकीशी गेले, आणि एकाने स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजवला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात आमच्या कल्याणच्या सोसायटीत सेक्रेटरींनी नवऱ्याला थांबवून विचारलं होतं, ‘वहिनींची राहायची सोय हॉस्पिटलातच होत नाही का?’ या विषयावर बरंच लिहून झालंय, मी थांबते.

त्या वेळी टेस्ट कुणाची करायची याचे नियम कडक होते. परदेशातून आलेला, पॉझिटिव्ह माणसाच्या संपर्कातला, किंवा ताप-खोकला होऊन श्वासाला त्रास झालेला. किट कमी, लॅब कमी, त्यामुळे चाळणी बारीक. त्या चाळणीतून आमच्या वॉर्डातले एक पेशंट, आमचे काका, सहज सुटले. साठीच्या आसपासचे, जुलाब आणि अशक्तपणा म्हणून कॅज्युअल्टीतून वर आले. ताप नाही, खोकला नाही, प्रवास नाही. पेपरवर लिहिलं गॅस्ट्रो, सलाइन लावली, खिडकीकडची कॉट दिली.

पुढे कधीतरी वुहानच्या एका हॉस्पिटलचा अहवाल वाचला. फेब्रुवारी २०२०मध्येच छापून आलेला. त्यात एक पेशंट पोटाच्या तक्रारीसाठी सर्जरीच्या वॉर्डात दाखल झाला होता, आणि त्याच्यापासून दहाहून जास्त कर्मचाऱ्यांना लागण झाली असावी असं लिहिलंय. आमच्या काकांच्या दोन महिने आधी. वाचून माझं डोकं तापलं. ही माहिती जगात होती. आमच्या वॉर्डापर्यंत, पाळी बदलताना ओव्हर घेतो तेव्हा तोंडातोंडी सांगण्याइतकी, ती पोचली नव्हती.

तिसऱ्या रात्री काकांना दम लागला. मी नाइटला होते. ‘सिस्टर, छातीवर कुणी बसलंय,’ म्हणाले. सॅच्युरेशन अठ्ठ्याऐंशी. ऑक्सिजन लावला, रेसिडेंट डॉक्टरला उठवलं, तिने स्टेथो लावून ऐकलं आणि नेब द्यायला सांगितलं. दम्याच्या पेशंटला देतो तसंच, रोजचं काम. काका मास्क धरू शकत नव्हते, म्हणून मी कॉटच्या कडेला उभी राहून तो त्यांच्या तोंडावर धरून ठेवला. ज्यांनी नेब्युलायझर पाहिलाय त्यांना माहीत आहे: औषधाची पांढरी वाफ मास्कच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडत राहते, पेशंट खोकला की ती झपकन पुढे येते. माझ्या चष्म्यावर ती वाफ बसत होती आणि मी दर मिनिटाला खांद्याने चष्मा पुसत होते, कारण दुसऱ्या हाताने त्यांचं सलाइनचं मनगट धरलं होतं. वर पंखा फुल्ल. शेजारच्या कॉटवरचे आजोबा उठून बसले होते, त्यांनाही काळजी.

सकाळी पोर्टेबल एक्स-रे झाला. दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात पांढरं. एक्स-रे बघून आमच्या सरांनी आधी स्वतःचा मास्क नीट केला. मग म्हणाले, ‘स्वॅब पाठवा.’

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, आणि अर्ध्या तासात वॉर्डात माणसंच माणसं झाली. काकांना पलीकडच्या मजल्यावर न्यायला आमचे वॉर्डबॉय मामा ट्रॉली घेऊन आले. त्यांना घाईघाईने एक गाऊन चढवला, तो त्यांच्या पोटावर पुरत नव्हता. मागून फवारणीवाला. आणि मेट्रन मॅडमच्या हातात कागदांचा गठ्ठा. कुणी कुणी हात लावला, यादी करा.

केंद्र सरकारने २० एप्रिललाच एक मार्गदर्शक सूचना काढली होती, कोव्हिड नसलेल्या हॉस्पिटलात कोव्हिडचा पेशंट निघाला तर काय करायचं याची. त्याच्या आधाराने आमच्याकडे एका पानाचा फॉर्म तयार झाला होता. पेशंटपासून एक मीटरच्या आत होतात का? पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ? मास्क कोणता? ग्लोव्हज? डोळ्यांना काही? वाफ-तुषार उडणारी प्रोसीजर केलीत का? उत्तरं बघून शेवटच्या रकान्यात शिक्का: हाय रिस्क किंवा लो रिस्क. हाय असेल तर क्वारंटाइन, लो असेल तर उद्या ड्यूटीला या, ताप आला तर कळवा.

माझ्या फॉर्मवर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. नेब दिलं, सर्जिकल मास्क, चष्मा नंबरचा. हाय. रेसिडेंट डॉक्टर, हाय. सरांनी राउंडला लांबूनच पाहिलं होतं, लो. एक्स-रेचा टेक्निशियन, प्लेट पाठीखाली सरकवायला दोन मिनिटं वाकला होता, लो.

मग आमच्या मावशी. काकांना जुलाब होते म्हणजे मावशींचं काम किती वेळा पडलं असेल ते सांगायला नको. कूस वळवायची, डायपर काढायचा, पुसायचं, चादर ओढायची, पुन्हा कूस. काका त्यांच्या खांद्याला धरून असायचे, तोंड त्यांच्या कानाशी. पण प्रत्येक वेळचं काम आठ-दहा मिनिटांचं. फॉर्म भरणाऱ्या मुलाने विचारलं, ‘मावशी, सलग पंधरा मिनिटं होतात का?’ मावशी म्हणाल्या, ‘सलग कुठं बाबा, दुसरे पेशंट नाहीत का मला?’ झालं. लो रिस्क. शिवाय त्या ठेकेदाराच्या माणूस. त्यांचं नाव हॉस्पिटलच्या यादीत टाकायचं की ठेकेदाराच्या, यावर वेगळी चर्चा. मी म्हटलं, अहो, यांच्याइतकं जवळ तर मीसुद्धा गेलेली नाही. उत्तर मिळालं, ‘सिस्टर, वरून आलेला फॉरमॅट आहे.’

मावशी मला नंतर म्हणाल्या, ‘ताई, मी काय फॉर्मात बसत नाही व्हय?’

त्याच वर्षी ऑक्टोबरात सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, पंधरा मिनिटांची व्याख्या बदलली. व्हरमाँट राज्यातल्या तुरुंगातल्या एका रक्षकाला लागण झाली होती; त्याने पॉझिटिव्ह कैद्यांशी सलग असा वेळ घालवलाच नव्हता, पण एका पाळीत २२ वेळा थोडा-थोडा संपर्क आला होता, मिळून साधारण १७ मिनिटं. त्यानंतर ठरलं की चोवीस तासांतली मिनिटं एकत्र मोजायची. मावशींच्या एका पाळीतली मिनिटं मी कधीही मोजून दिली असती, त्याला तुरुंग लागला नसता.

मला एका ट्रेनिंग सेंटरच्या होस्टेलवर ठेवलं. खोलीत एकटी, दाराबाहेर स्टुलावर डबा. स्वॅब लगेच घेत नव्हते, कारण विषाणू मोजण्याइतका वाढायला दिवस लागतात. संपर्कातल्या माणसाची टेस्ट पाचव्या दिवसानंतर, असा आयसीएमआरचा, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, नियम होता. म्हणजे मधले दिवस नुसतं वाट बघायची. दर चार तासांनी मी स्वतःचा ताप घेत होते आणि सवयीने वहीत चार्ट काढत होते. ताप आलाच नाही. एका सकाळी साबण नाकाशी धरला तर काहीच नाही. मग सॅनिटायझर, मग डब्यातलं लोणचं. काहीच नाही. फोनवर डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, सर्दी असेल. त्यांचंही चूक नव्हतं, वास जाणं तेव्हा आपल्याकडच्या लक्षणांच्या यादीत नव्हतं. आरोग्य मंत्रालयाने ते १३ जूनला घातलं. मला मात्र स्वॅबच्या आधीच कळलं होतं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या गोळीचंही इथेच सांगून टाकते. मार्चच्या शेवटी आयसीएमआरने सांगितलं होतं की कोव्हिडच्या पेशंटला हाताळणाऱ्यांनी ती घ्यावी, पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा आणि पुढे सात आठवडे आठवड्याला एकदा. आमच्याकडे ईसीजी काढून इकडच्या वॉर्डांतही वाटल्या. मला लागण झाली ती गोळ्या चालू असतानाच. मे महिन्यात आपल्याकडच्याच एका अभ्यासात चार किंवा जास्त डोस घेतलेल्यांना फायदा दिसतो असं आलं, त्यामुळे उत्साह वाढला. पुढे चिठ्ठ्या टाकून दोन गट करून नीट चाचण्या झाल्या, त्यांत प्रतिबंधाचा फायदा दिसला नाही. खरं नुकसान गोळीने केलं ते वेगळंच: ‘गोळी चालू आहे ना, मग काय’ असं म्हणत लोक मास्क हनुवटीवर घ्यायचे.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दुखणं हलकं गेलं, अंगदुखी आणि विलक्षण थकवा, एवढंच. त्रास होता तो सुटकेचा. तेव्हा डिस्चार्जसाठी चोवीस तासांच्या अंतराने लागोपाठ दोन निगेटिव्ह लागायचे. एक निगेटिव्ह, पुढचा पॉझिटिव्ह, पुन्हा मोजणी पहिल्यापासून. मी ठणठणीत होऊन खोलीत येरझाऱ्या घालत होते आणि वॉर्डात दोन सिस्टरांवर चाळीस पेशंट होते. ८ मे रोजी नियम बदलला, हलक्या लक्षणांच्या माणसाला लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, तीन दिवस ताप नसेल तर, टेस्टशिवाय घरी सोडायचं. त्याच नियमाने मी सुटले. मेलेल्या विषाणूचे तुकडेही टेस्टमध्ये दिसतात हे तेव्हा कळलं.

मधल्या काळात मावशींना ताप आला. लो रिस्क म्हणून त्या रोज कामावर येत होत्या. त्यांचा स्वॅब झाला तो ताप आल्यावर. पॉझिटिव्ह. घरी दहा बाय बाराच्या खोलीत सून, मुलगा, नातू. मुलगा आणि सून दोघांनाही झाला. सगळे बरे झाले, हे आधी सांगते म्हणजे वाचताना जीव टांगणीला नको. पण ठेकेदाराने त्या दिवसांचा पगार कापला, आणि तो मिळवायला युनियनच्या लोकांना दोन महिने भांडावं लागलं.

मी परत रुजू झाले तेव्हा मेट्रन मॅडमनी मला सरळ कोव्हिड आयसीयूत टाकलं. हिशेब साधा होता, हिला होऊन गेलाय. घरचे धास्तावले. आणि इथे मला ती गोष्ट कळली जी बाहेरून कुणालाच पटत नाही: तिकडे मला जास्त सुरक्षित वाटायला लागलं.

कारण तिकडे सगळ्यांना माहीत होतं की समोरचा पॉझिटिव्ह आहे. कुणाची परीक्षा बघायची नव्हती. आत जाण्याआधी आरशासमोर डॉनिंग, म्हणजे पीपीई चढवणं: हात धुवा, आतले ग्लोव्हज, कव्हरऑल, शू कव्हर, एन-९५, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, जोरात श्वास सोडा, कडेने हवा लागते का बघा. गॉगल, हुड, वरचे ग्लोव्हज. पाठीवर मार्करने नाव, कारण आत सगळे सारखे दिसतात. सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. पाळी चालू असेल तेव्हा काय, हा प्रश्न पीपीई विकत घेणाऱ्या कुठल्याच कमिटीला पडला नसावा. घाम कोपरातून ग्लोव्हजमध्ये उतरून बोटांच्या टोकांशी साठायचा.

खरी परीक्षा बाहेर येताना. डॉफिंगच्या, म्हणजे पीपीई उतरवायच्या, खोलीत एक बडी (जोडीदार) सिस्टर दारात उभी राहून एकेक पायरी मोठ्याने सांगायची, कारण सहा तासांनंतर माणसाला फक्त तो मास्क ओरबाडून काढायचा असतो. वरचे ग्लोव्हज काढा. हात. हुड मागे, चेन खाली, कव्हरऑलला बाहेरून हात न लावता, उशीचा अभ्रा उलटा करून काढतो तसं आतली बाजू बाहेर करत खाली गुंडाळत न्या. हात. गॉगल मागच्या पट्ट्याने. हात. मास्क सगळ्यात शेवटी, आणि तोही खोलीबाहेर पडल्यावर, पट्ट्या धरून, समोरून स्पर्श नाही. पुन्हा हात. आमची बडी सिस्टर केरळची होती, ‘हात’ हा एकच मराठी शब्द ती इतक्या दराऱ्याने म्हणायची की मोठमोठे डॉक्टर बिचकायचे. घाई केली की ती परत पहिल्यापासून लावायची.

आणि मग? मग आम्ही सगळे डॉफिंग करून, अंघोळ करून, चहाच्या खोलीत जायचो. आठ बाय दहाची पँट्री, खिडकी नाही, एसी चालू, एका बाकावर सहाजणी, मास्क खाली, डबे उघडे, सहा तासांचं साठलेलं बोलणं. ज्या खोलीत पेशंटच नाही तिथे कसला धोका? जूनमध्ये आयसीयूच्या चारजणी आठवड्याभरात पॉझिटिव्ह आल्या तेव्हा आमच्या इन्फेक्शन कंट्रोलच्या मॅडमनी पीपीईचं रजिस्टर बाजूला ठेवलं आणि विचारलं, ‘जेवायला कोण कोण एकत्र बसतं?’ चौघी एकाच वेळच्या डब्याच्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी पँट्रीला कुलूप. जिन्याखालच्या उघड्या व्हरांड्यात खुर्च्या लांब-लांब टाकल्या, जेवणाच्या वेळा वाटून दिल्या. पाऊस आडवा यायचा, डब्यात पाणी पडायचं, शिव्या सगळ्यांनी दिल्या. पण तसे गठ्ठ्याने केसेस येणं थांबलं.

त्या सुमाराला, जुलै २०२०मध्ये, २३९ शास्त्रज्ञांनी पत्र लिहून सांगितलं की हा आजार हवेतूनही पसरतो हे जागतिक संस्थांनी मान्य करावं. तोपर्यंत आमचा सगळा जोर फवारणी आणि फरशी पुसण्यावर होता. मेल मेडिकलचं जुनं बांधकाम, उंच छत, समोरासमोर मोठ्या खिडक्या, ज्यांना आम्ही कबुतरांसाठी जाळ्या आणि वर प्लास्टिक मारून बंद केलं होतं. ते प्लास्टिक काढलं. मला वाटतं त्या वर्षी झालेला सगळ्यात स्वस्त उपाय तो.

मॅडमनी पुढे आमच्याकडच्या पॉझिटिव्ह स्टाफची कामाच्या जागेप्रमाणे यादी लावली. आकडे मी सांगणार नाही, ते माझे नाहीत. पण वरच्या ओळीत कॅज्युअल्टी, जनरल वॉर्ड, सफाई, ट्रॉली, सिक्युरिटी. कोव्हिड आयसीयू बरंच खाली. मला आश्चर्य वाटलं, त्यांना नाही वाटलं. त्यांनीच वुहानचा तो अहवाल काढून दाखवला: १३८ पेशंटपैकी ४० हॉस्पिटलचेच कर्मचारी, आणि त्या ४०मधले ३१ जनरल वॉर्डांतले, ७ इमर्जन्सीतले, आयसीयूतले फक्त २. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलांत रक्तातल्या अँटिबॉडी तपासल्या तर सफाई विभागातल्या ३४.५ टक्के लोकांत सापडल्या, आयसीयूवाल्यांत १४.८ टक्के. देश वेगळे, हॉस्पिटलं वेगळी, उतरंड तीच.

अर्थात सफाईवाल्या माणसाला लागण वॉर्डात झाली की घरी, हे कोण सांगणार? जुलैमध्ये मुंबई महापालिकेच्या तीन वॉर्डांत सर्व्हे झाला, त्यात झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी निघाल्या, बाहेर १६ टक्के. आमच्या मावशी, मामा राहायला कुठे होते? मग ‘यांना घरीच झाला असेल’ असं म्हणायला ऑफिसला सोपं. हा युक्तिवाद डॉक्टरांच्या बाबतीत कुणी केलेला मी ऐकला नाही.

१५ मेला मंत्रालयाची नवी सूचना आली होती. त्यात कोव्हिड नसलेल्या भागातल्या स्टाफलाही धोका असतो हे स्पष्ट लिहिलं होतं, हे चांगलं झालं. त्यानंतर आम्हाला इकडच्या वॉर्डांतही एन-९५ मिळायला लागले. त्याच सूचनेत हाय रिस्कवाल्यांचं क्वारंटाइन आधी एक आठवड्यावर आणलं, आणि लो रिस्कवाल्यांनी काम चालू ठेवायचं हे कायम. माणसं कमी होती, दुसरा इलाज नव्हता, मान्य. पण लो रिस्क कुणाला म्हणायचं हा प्रश्न तिथेच राहिला.

एन-९५ मिळाला म्हणजे काम झालं असंही नाही. माझा चेहरा लहान, आलेले मास्क मोठे, श्वास सोडला की चष्म्यावर धुकं. म्हणजे नाकाजवळून हवा गळतेय. नव्वद टक्के नर्सेस बायका आणि मास्क मात्र कुठल्या मापाच्या तोंडावर बेतलेले, देव जाणे. खूप नंतर, २०२१मध्ये, मॅडमनी फिट टेस्ट आणली. डोक्यावर पारदर्शक टोपडं घालतात, आत सॅकरिनचा फवारा मारतात, मास्क लावून तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचा, मान फिरवायची, बोलायचं. जिभेला गोड लागलं तर मास्क गळका. मोठ्या मास्कमध्ये मला पहिल्याच फवाऱ्याला गोड लागलं. लहान मापात नाही. चव परत आली होती म्हणून ही परीक्षा तरी देता आली. म्हणजे आदल्या वर्षभर मी आयसीयूत जो मास्क घालून फिरत होते तो अर्धाच काम करत होता, आणि मला बहुधा आधीच्या लागणीने सांभाळलं.

१६ जानेवारी २०२१ला लस सुरू झाली, पहिला मान आम्हाला. घ्यायला रांग नव्हती, खरं तर. पहिल्या आठवड्यांत आमच्यातलेच बरेच ‘आधी दुसऱ्यांना होऊ दे’ म्हणत होते. मावशींनी पहिल्या दिवशी घेतली. एप्रिलच्या लाटेत आमच्याकडे दोन्ही डोस झालेलेही पॉझिटिव्ह आले, धडाधड. पण घरी पडून बरे झाले. वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलने आपल्या स्टाफचा हिशेब छापला: दोन्ही डोस घेतलेल्यांत लागण ६५ टक्क्यांनी कमी, दाखल व्हावं लागणं ७७ टक्क्यांनी, आयसीयू ९४ टक्क्यांनी. आम्ही डोळ्यांनी पाहत होतो ते तेच.

लसीपर्यंत मामा पोचले नाहीत. तेच मामा, ज्यांच्या पोटावर गाऊन पुरला नव्हता. दिवसभर ट्रॉली आणि ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन दहा वॉर्ड फिरायचे. काकांना हलवलं त्यात त्यांना झाला असं मी म्हणणार नाही, तारखा जुळत नाहीत. ते गेले २०२०च्या पावसाळ्यात. साखर होती, दोन दिवस अंगावर काढलं, मग आमच्याच आयसीयूत आले. मला पीपीईत ओळखलं नाही त्यांनी, पाठीवरचं नाव वाचून ओळखलं.

केंद्राची ५० लाखांची विमा योजना होती, मार्चअखेरीला जाहीर झालेली, कंत्राटी लोकांनाही लागू. लागण झाली तर काही नाही, मृत्यू झाला तर. वहिनी, म्हणजे मामांची बायको, कागद घेऊन माझ्याकडे आल्या. पॉझिटिव्ह रिपोर्ट होता, मृत्यूचा दाखला होता. अडलं ते हॉस्पिटलच्या दाखल्याशी: हा माणूस कोव्हिड पेशंटच्या सेवेत होता आणि त्याचा थेट संपर्क आला असावा, असं लिहून पाहिजे. ऑफिसने ड्यूटी लिस्ट काढली. मामांच्या नावापुढे लिहिलेलं: नॉन-कोव्हिड.

आम्ही वॉर्डातली ट्रान्सफर बुकं काढायला लागलो. कुठला पेशंट किती वाजता कुठे हलवला, कोण घेऊन गेलं, हे आम्ही त्यात लिहितो. बहुतेकदा ‘सर्व्हंटसोबत पाठवला’ एवढंच, नाव नसतं. पण आमच्या एक जुन्या इनचार्ज सिस्टर आहेत, रिटायरमेंटला आलेल्या, त्या प्रत्येक वेळी नाव लिहायच्या आणि अंगठा नाहीतर सही घ्यायच्या. आम्ही त्यांना त्यावरून हसायचो. त्यांच्या बुकात पॉझिटिव्ह पेशंट पलीकडे नेल्याच्या नोंदींपुढे मामांची वाकडी सही मिळाली, एकदा नाही, पुष्कळदा. त्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, मेट्रन मॅडमनी पत्र दिलं, डीनसाहेबांची सही झाली. पुढे दोनदा कागद परत आले, एकदा नावातल्या वेलांटीवरून. पैसे वहिनींच्या खात्यात जमा झाले तेव्हा दुसरी लाट येऊन गेली होती.

आता मी पुन्हा मेल मेडिकलमध्ये आहे. ट्रान्सफर बुकात नाव लिहिते.